हिवाळा संपताच पेटीच्या दारावर तपकिरी ओघळ : पोट बिघडलंय की नोसेमा?

कवडसा | २९ मार्च

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात, ओंटारिओमध्ये राहतो. परसात दोन मधपेट्या आहेत, दोन्हींत मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी. लेकीने एक निळी रंगवली आणि एक पिवळी, त्यामुळे घरात त्यांना निळी आणि पिवळी असंच म्हणतो. माश्यांसोबतचा हा आमचा तिसरा हिवाळा.

काल पहिल्यांदा पारा १२ अंशांवर गेला आणि ऊनही पडलं. दुपारी दोन्ही पेट्यांतून माश्या बाहेर आल्या म्हणून धावत बघायला गेले. निळीच्या दारावर, खालच्या फळीवर, थंडीसाठी गुंडाळलेल्या काळ्या कागदावर सगळीकडे तपकिरी-पिवळे ओघळ होते. झाकण जरा उचललं तर चौकटींच्या (ज्यांत माश्या पोळं बांधतात त्या) वरच्या पट्ट्यांवरही तेच, आणि आंबूस वास. नोव्हेंबरात माश्या आठ चौकटींवर होत्या, आता जेमतेम चार. पिवळी बाहेरून अगदी स्वच्छ आहे.

पेट्यांचं सामान विकणाऱ्या एकाला फोन केला. तो म्हणाला, नोसेमा आहे, म्हणजे माश्यांच्या आतड्याचा रोग, औषध घेऊन जा. नुसते डाग बघून हे ठरवता येतं का? औषधाला माझी ना नाही, पण चुकीचं काही घालून उरलेल्या माश्याही घालवायच्या नाहीत. ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

ऱ्हाइनकाठ | २९ मार्च

ठरवता येत नाही. जर्मनीत अकरा वर्षं पेट्या ठेवतोय, दर वसंतात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

आधी हे लक्षात घ्या की माश्या पेटीत घाण करत नाहीत. थंडीत बाहेर पडता येत नाही तोवर सगळा मळ पोटात धरून ठेवतात, पार शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. ऊन पडून पारा दहा-बाराच्या पुढे गेला की सगळ्या एकदम बाहेर पडतात आणि मोकळ्या होतात. त्या दिवशी बर्फावर, गाडीवर, पेटीच्या पुढ्यात ठिपके दिसणारच. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी बाहेर दिसलेल्या ठिपक्यांनी मी कधी घाबरत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये मला खटकलं ते आतलं. पट्ट्यांवर ओघळ आणि आंबूस वास म्हणजे माश्यांना धरवलं नाही. ही हगवण आहे. हगवण हे लक्षण झालं. कारण नोसेमा असू शकतं, खाणंही असू शकतं, पेटीतली ओलही असू शकते. तेव्हा तीन गोष्टी सांगा: शरदात काय खाऊ घातलंत, पेटीत वरून हवा जायला वाट आहे का, आणि झाकणाच्या आतून पाणी टपकतंय का?

पेरूचीफोड | २९ मार्च

थोडं अवांतर विचारते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे. काही दिवशी संध्याकाळी गाड्यांवर आणि वाळत घातलेल्या चादरींवर पिवळेधमक थेंब पडतात, एकाच वेळी शेकडो. तेही आजारी आहे का? शेजारचे काका मोहोळ जाळायचं म्हणताहेत.

घाटमाथा | २९ मार्च

जाळू देऊ नका, पेरूचीफोड ताई. आग्या एकाच वेळी थव्याने उडतो आणि पोट साफ करतो, ही त्याची रीतच आहे. पिवळा रंग पचून गेलेल्या परागाचा. कपडे तेवढे दुसऱ्या बाजूला वाळत घाला. फुलोरा संपला की ते आपण होऊन हलतील.

कवडसा ताई, मी महाबळेश्वरच्या खालच्या अंगाचा, जावळीतला. घरात वडिलांपासून सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माशीच्या पेट्या. आमच्याकडे बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर असा पाऊस लागतो की माशीला दिवसच्या दिवस दार ओलांडता येत नाही. तुमचा हिवाळा तोच आमचा आषाढ-श्रावण. त्या दिवसांत तळपाट ओला राहिला किंवा पाक आंबला, की आमच्याही पट्ट्यांवर असेच ओघळ दिसतात. सातेरी तर फार सोसत नाही, पेटी सोडून उठून जाते. ऱ्हाइनकाठ यांनी विचारलंय तेच मीही विचारतो. खायला काय दिलं होतं?

सूक्ष्मदर्शी | ३० मार्च

आग्याच्या पिवळ्या थेंबांवरून आठवलं. १९८१ साली अमेरिकेने सोव्हिएत संघावर आरोप केला होता की लाओस-कंबोडियात 'पिवळा पाऊस' पाडून विषारी हल्ले होताहेत. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी त्या थेंबांचा पिच्छा पुरवला. थेंबांत पराग होता, तोही पचलेला, म्हणजे नुसती टरफलं उरलेला. १९८४ मध्ये थायलंडच्या जंगलात त्यांच्या स्वतःच्या अंगावर तो पाऊस पडला आणि वर उडत होत्या आग्या माश्या. वर्गात मुलांना हे सांगितलं की एरवी मागच्या बाकावर झोपणारेही उठून बसायचे.

मूळ प्रश्नाकडे येतो. नोसेमा हा माशीच्या मधल्या आतड्यात वाढणारा सूक्ष्म परजीवी. पूर्वी त्याला आदिजीवांत धरत, आता बुरशीच्या गोतावळ्यात धरतात. बीजाणू पोटात गेला की त्यातून एक बारीक नळी झपकन बाहेर पडते आणि आतड्याच्या पेशीत घुसते. पेशीत हजारो बीजाणू तयार होतात, पेशी फुटते, ते मळावाटे बाहेर पडतात. अशा माशीला पराग पचत नाही, पिलांना भरवायचा रस नीट तयार होत नाही, ती वेळेआधी म्हातारी होते. हिवाळा काढलेल्या माश्या आधीच जुन्या असतात. त्या भराभर मेल्या आणि नव्या तितक्या वेगाने निघाल्या नाहीत, की मार्च-एप्रिलमध्ये भरलेली पेटी बघता बघता रिकामी होते.

कवडसा | ३० मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं देते.

वरच्या बाजूला बोटभर भोक आहे, ते दोन्ही पेट्यांना आहे. निळीच्या झाकणाला आतून ओल होती, पिवळीच्या नव्हती.

खाण्याचं लिहिताना जीव खालीवर होतोय. ऑक्टोबरात दोन्ही पेट्यांना साखरेचा घट्ट पाक दिला, दोन भाग साखर नि एक भाग पाणी. शेवटच्या आठवड्यात निळी हलकी वाटली. घरात भारतीय दुकानातून आणलेला सेंद्रिय गूळ होता, साधारण चार किलो. साखरेपेक्षा गूळ चांगला, निसर्गाच्या जवळचा, असं वाटून त्याचा पाक केला आणि निळीला घातला. त्यांनी सगळा घेतला. पिवळीला गूळ दिलेला नाही.

घाटमाथा | ३० मार्च

ताई, सापडलं बहुतेक. माणसाला गूळ ज्यासाठी चांगला, नेमकं त्यासाठीच तो थंडीतल्या माशीला वाईट. गुळात क्षार असतात, मळी असते. ते माशीला पचत नाही, नुसतं पोटात साठतं. रोज उडणाऱ्या माशीचं निभावतं, ती बाहेर जाऊन मोकळी होते. तुमची चार महिने कोंडलेली. तिला स्वच्छ पांढरी साखरच हवी, जिचा मळ जवळजवळ होतच नाही.

कडुनिंब | ३० मार्च

घाटमाथा, असहमत. माझे आजोबा सातेरीला आयुष्यभर गुळाचं पाणी द्यायचे आणि मधही उत्तम निघायचा. साखर ही कारखान्यातली वस्तू. उलट पाकात लिंबू पिळून उकळावं, माशीला पचायला हलकं होतं असं ऐकलंय.

भटकीपेटी | ३१ मार्च

कडुनिंब, आजोबांचा अनुभव खोटा नाही. आपल्याकडे बारा महिने माशी उडते म्हणून गूळ खपून जातो. मी नाशिकचा. मेलिफेराच्या पेट्या घेऊन दर हिवाळ्यात मोहरीसाठी राजस्थानात भरतपूरकडे जातो. एका जानेवारीत सलग सहा दिवस धुकं, दुपारीसुद्धा माशी बाहेर नाही. आमच्यातल्या एकाने पातळ पाक दिला होता, एकाने काहीच दिलं नव्हतं. धुकं उठलं त्या दिवशी पातळ पाकवाल्याच्या पेट्यांची दारं सारवल्यासारखी झाली होती. सहा दिवसांत ही गत, तर चार महिन्यांत काय होईल याचा विचार करा.

लिंबाचं मात्र करू नका. पाकात आंबट घालून उकळलं की साखर फुटते खरी, पण त्यात माश्यांना विषारी असं द्रव्य तयार होतं आणि त्यानेही हगवण लागते. जळका पाक, ब्राउन शुगर, काकवी यांचंही तेच. पांढरी साखर, कोमट पाणी, ढवळा. बाकी काही नको.

कडुनिंब | ३१ मार्च

लिंबाचं माहीत नव्हतं. गावी अजून तीन पेट्यांना तसाच पाक जातो, आजच भावाला फोन करतो.

ऱ्हाइनकाठ | ३१ मार्च

मग आता काय करायचं ते सांगतो.

ऊन असलेल्या दुपारी निळी पटकन उघडा. रिकाम्या आणि माखलेल्या चौकटी बाहेर काढा, माश्या बसल्यात तेवढ्याच ठेवा. गुळाचा साठा ओळखता येईल, तो साखरेच्या साठ्यापेक्षा गडद असतो. माश्या नसलेल्या चौकटींत असेल तर त्या चौकटी काढून टाका. तळपाट खरवडून कोरडा करा, पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवा म्हणजे पाणी दारातून वाहून जाईल. खायला सध्या कोरडी साखर किंवा साखरेचा घट्ट गोळा थेट माश्यांच्या डोक्यावर. रात्री गोठवणाऱ्या असेपर्यंत पातळ पाक अजिबात नको.

काढलेल्या चौकटी पिवळीला देऊ नका! हगवण स्वतः नोसेमा निर्माण करत नाही, पण पसरवते. घरातल्या माश्या ते ओघळ तोंडाने साफ करतात आणि त्यात बीजाणू असले तर थेट पोटात जातात.

मोगरा२ | ३१ मार्च

एकही मधमाशी पाळलेली नाही, तरी दोन दिवस हाच धागा उघडून बसले आहे. निळीला बरं वाटू दे.

सूक्ष्मदर्शी | १ एप्रिल

कवडसा, औषधाच्या आधी तपासा. दोन्ही पेट्या तपासा, स्वच्छ दिसणारीसुद्धा.

घरच्या घरी करता येण्यासारखं एक आहे. दारात नुकत्याच मेलेल्या किंवा बाहेरून परतणाऱ्या जुन्या माश्या घ्या, पिलं भरवणाऱ्या कोवळ्या नकोत. परतणाऱ्या असतील तर डबीत घालून आधी फ्रीजरमध्ये ठेवा. माशीचं डोकं काढा, पोटाचं शेवटचं टोक चिमट्यात धरा आणि अगदी हळू ओढा. आतडं अखंड बाहेर येतं. निरोगी माशीचा मधला भाग भुरकट-तपकिरी असतो आणि त्यावर गोल वळ्या दिसतात. नोसेमा फार वाढला असेल तर तोच भाग फुगलेला, दुधी पांढरा, वळ्या पुसून गेलेल्या. पण हे नुसतं पहिलं बघणं झालं. आतडं ठीक दिसलं म्हणून रोग नाही असं समजू नका.

खात्री सूक्ष्मदर्शकाने. प्रत्येक पेटीच्या तीस ते साठ माश्यांची पोटं खलात कुटायची, माशीमागे एक मिलिलिटर पाणी, गाळून एक थेंब काचपट्टीवर. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर १० ची नेत्रभिंग आणि ४० चं वस्तुभिंग, म्हणजे ४०० पट. बीजाणू सगळे एका मापाचे, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, आतून चमकणारे आणि कडा गडद. पराग त्यांच्यापुढे राक्षसासारखा मोठा दिसतो, गफलत होत नाही.

कवडसा | ६ एप्रिल

केलं. लेक चिमटा धरायला स्वतःहून पुढे आली. पहिली दोन आतडी तुटली, तिसरं सुतासारखं सळसळत बाहेर आलं आणि आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. एवढ्याशा जिवात केवढी कारागिरी! निळीच्या दहाही माश्यांची आतडी भुरकट, वळ्या स्पष्ट, फक्त शेवटची पिशवी तट्ट फुगलेली. पिवळीच्या दहांपैकी चारांची मला फिकट वाटली, पण शपथेवर सांगता येणार नाही.

लेकीच्या विज्ञानाच्या बाईंनी शाळेतला सूक्ष्मदर्शक शनिवारी वापरू दिला. निळीच्या थेंबात बराच वेळ शोधून एकदा दोन बीजाणू दिसले, एकदा तीन. पिवळीचा थेंब ठेवला आणि भिंग जुळवलं तर सगळं दृश्य त्या चमकत्या दाण्यांनी भरलेलं. मोजणं सोडून दिलं. बाईंनीही डोळा लावून पाहिलं. दोन्ही पेट्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आहेत.

आता माझं डोकं चालेनासं झालंय. जी पेटी घाण ती जवळपास निरोगी आणि जी स्वच्छ ती आजारी?

सूक्ष्मदर्शी | ६ एप्रिल

होय, असं होतं. मेलिफेरात हा रोग करणाऱ्या मुख्य दोन जाती. पहिली नोसेमा एपिस, १९०९ मध्ये जर्मनीत झांडर यांनी वर्णन केलेली. हिवाळ्यानंतर जोर आणि बरेचदा हगवण, असं तिचं जुन्या पुस्तकांतलं चित्र. दुसरी नोसेमा सेराने. ती १९९६ मध्ये एपिस सेराना माशीत, म्हणजे आपल्या सातेरीच्याच जातीत, चीनमध्ये सापडली म्हणून हे नाव. नंतर कळलं की ती मेलिफेरात केव्हाच शिरली आहे आणि जगभर पसरली आहे. हिच्यात बहुतेक वेळा डाग पडतच नाहीत. पेटी बाहेरून नीटनेटकी असते आणि आत माश्या घटत जातात. तुमची पिवळी याच वर्णनाची वाटते. पण दोन्ही जातींचे बीजाणू शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने वेगळे सांगता येत नाहीत, त्याला जनुकीय चाचणी लागते.

घाटमाथा | ७ एप्रिल

सातेरीचं नाव त्या रोगाला लागलंय हे वाचून बरं नाही वाटलं. तिच्यावर आधीच काय कमी आलंय? १९९१-९२ मध्ये दक्षिणेत थाई सॅकब्रूड आला तेव्हा केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या पेट्या ओळीने रिकाम्या झाल्या. तो पिलाव्याचा, म्हणजे पोळ्यातल्या पिलांचा विषाणू, पोटाशी संबंध नाही. पण तेव्हाही सुरुवातीला लोक दारातूनच पेटी बघून ठीक आहे म्हणत होते, असं वडील सांगायचे. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, पंधरा दिवसांनी प्रत्येक पेटीच्या दोन चौकटी उचलून बघायच्याच.

भटकीपेटी | ७ एप्रिल

आता औषधाचं बोला. विक्रेत्याच्या सांगण्यावरून ताईंनी निळीत औषध ओतलं असतं आणि पिवळी तशीच मेली असती.

ऱ्हाइनकाठ | ७ एप्रिल

विक्रेता बहुधा फ्युमॅजिलिन या नोसेमावरच्या औषधाबद्दल बोलत असावा. युरोपीय संघात ते मधमाश्यांसाठी वापरता येत नाही, त्यामुळे आम्ही त्याच्याविना निभावतो. उत्तर अमेरिकेत वापरतात. एपिसवर त्याचा परिणाम चांगला. सेरानेच्या बाबतीत, पेटीतलं औषध विरळ होत गेलं की बीजाणू उलट जास्त वाढतात असंही प्रयोगशाळेत दिसलंय. कवडसा, प्रयोगशाळेचा आकडा येऊ द्या आणि तुमच्या प्रांताच्या मधमाशी निरीक्षकांशी बोला. काहीही दिलंत तरी मध गोळा करायच्या कोठ्या पेटीवर असताना देऊ नका.

आणि व्हरोआ, म्हणजे माशीच्या अंगावरची गोचिडी, तपासला का? वसंतात खचलेल्या पेटीत मी पहिल्यांदा गोचिडीच बघतो.

सूक्ष्मदर्शी | ७ एप्रिल

ऱ्हाइनकाठ यांना दुजोरा. घाईने एकाच कारणावर बोट ठेवण्याची खोड जुनीच आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर माश्या सरपटत मरू लागल्या, तेव्हा आधी दोष नोसेमावर गेला. १९२१ मध्ये श्वासनलिकेतला कोळी सापडला तेव्हा तो दोषी ठरला. पुढे त्यावरही शंका घेतली गेली आणि विषाणूचं नाव पुढे आलं.

कवडसा | १८ एप्रिल

प्रयोगशाळेचा कागद आला. पिवळी : माशीमागे सरासरी ३४ लाख बीजाणू. निळी : दीड लाख. इथे सर्वसाधारणपणे दहा लाखांच्या वर गेलं की उपाय करा म्हणतात. जातीची चाचणी केलेली नाही. व्हरोआ दोन्हींत अगदी कमी निघाला, ऑक्टोबरनंतरचं ऑक्झॅलिक आम्ल कामी आलं.

निरीक्षक बाई स्वतः येऊन गेल्या. पिवळीत राणी आहे, पण माश्या दीड चौकटभरच. मला वाटत होतं की दोन्ही पेट्या एकत्र कराव्यात. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, आजारी पेटी बऱ्या होत असलेल्या पेटीत मिसळायची नाही. मग पिवळीच्या माश्या राणीसकट पाच चौकटींच्या छोट्या पेटीत हलवल्या, स्वच्छ बांधलेली दोन पोळी दिली. औषध द्यायचं नाही असं ठरलं, एवढ्याशा माश्यांत त्याचा उपयोग त्यांना दिसला नाही. जुन्या चौकटी बंद पिशव्यांत ठेवल्या आहेत. त्यांचं काय करू? जाळायला जीव होत नाही, तीन वर्षांत माश्यांनी बांधलेलं मेण आहे ते.

ऱ्हाइनकाठ | १८ एप्रिल

मध-पराग नसलेल्या रिकाम्या पोळ्यांना असेटिक आम्लाची धुरी द्या. ८० टक्क्यांचं आम्ल, एका कोठीला साधारण १२० मिलिलिटर, चौकटींच्या वर कापडात किंवा बशीत. वाफ जड असते, खाली उतरते. सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद करून आठवडाभर उघड्यावर ठेवा, नंतर आठवडा-दोन आठवडे वारं लागू द्या. हातमोजे आणि चष्मा घालाच. वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना फार वाईट, लेकीला जवळ येऊ देऊ नका. लोखंडी पट्ट्या आधी काढा, त्या गंजतात, आणि सिमेंटच्या ओट्यावरही ठेवू नका.

फ्रीजरमध्ये ठेवल्याने सेरानेचे बीजाणू बरेचसे मरतात, पण एपिसचे टिकतात. तुमची जात ठरलेली नाही, तेव्हा धुरीच.

फार काळी आणि माखलेली पोळी असतील ती वितळवा. दरवर्षी पिलाव्यातली दोन-तीन जुनी पोळी बदलायची सवय लावा, बीजाणू त्यांतच साठत जातात.

पेरूचीफोड | २० एप्रिल

इकडची बातमी. काकांना पिवळ्या पावसाची गोष्ट सांगितली. ते दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन गच्चीत. जाळण्याचा विषय संपला. वाळणाच्या दोऱ्या पलीकडच्या बाजूला बांधून दिल्या, त्याही त्यांनीच.

कवडसा | १७ मे

पिवळी नाही टिकली. २ मे रोजी उघडली तेव्हा मूठभर माश्या राणीभोवती गोळा होऊन बसल्या होत्या. दोन रात्री उणे तीन झालं, तिसऱ्या सकाळी सगळं शांत होतं. लेक रडली, मीही रडले. तिने ती छोटी पेटी स्वतः धुतली.

निळी मात्र उठली. गुळाच्या चौकटी गेल्या, तळपाट कोरडा झाला, आणि सलग चार दिवस ऊन मिळालं तेव्हापासून नवा ओघळ एकही नाही. सध्या सगळी कुरणं डँडेलियनने पिवळी झाली आहेत. माश्या पायांना केशरी गोळे लावून येतात. काल पाच चौकटींवर पिलावा मोजला, घट्ट, मध्ये भोकं नाहीत. जूनमध्ये पुन्हा साठ माश्यांचा नमुना पाठवणार आहे.

सप्टेंबरात दोन्ही पेट्या सारख्याच दिसत होत्या. तेव्हाच एक थेंब काचेखाली बघितला असता तर, हे राहून राहून मनात येतं.

घाटमाथा | १७ मे

ताई, वाईट वाटलं. निळी जोरात आली की जूनअखेर तिचं विभाजन करा आणि नवी वसाहत धुरी दिलेल्या, नीट वारा लागलेल्या पोळ्यांवर बसवा. पिवळ्या पेटीला आतून ब्लो-टॉर्चची आच द्या, लाकूड जरा तपकिरी होईपर्यंत, कोपरे विसरू नका.

कवडसा | १८ मे

ब्लो-टॉर्च शेजाऱ्याकडे आहे, शनिवारी आणते. आणि शाळेतल्या बाई विचारत होत्या, सप्टेंबरात त्यांच्या वर्गासमोर निळीचा थेंब बघायला याल का म्हणून. सूक्ष्मदर्शी सर, मुलांना आतडं काढून दाखवताना ते तुटू नये यासाठी तुम्ही काय करायचात?

सूक्ष्मदर्शी | १८ मे

माशी पूर्ण वाळलेली नको, ताजीच घ्या. चिमटा टोकाच्या शेवटच्या दोन वलयांवरच धरा आणि ओढताना मनात दहा अंक मोजा. मुलांचे हात आपल्यापेक्षा हलके असतात, त्यांनाच करू द्या.